पाऊण मिनिट

“तांडेल, पाऊण मिनिट कुठं सांडून आलीस?”

घोलपसरांनी हे विचारलं तेव्हा खोलीत वेधशाळा बघायला आलेली संगमनेरच्या कॉलेजची चाळीस पोरं उभी होती. सरांनी माझ्या चिठ्ठीवर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. पोरं फिदीफिदी हसली. मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, सव्वीस वर्षांची, कुणाचं म्हणून ऐकून न घेणारी. बसमध्ये कंडक्टरशी भांडून आलेली बाई मी! पण सरांपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटायची. गुपचूप मान खाली घातली आणि नवी चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या पाऊण मिनिटाचं प्रकरण आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची काळदऱ्याची वेधशाळा अकोले तालुक्यातल्या एका उघड्या पठारावर होती. माणसं दोनच, सर आणि मी. आमची दुर्बीण लघुग्रहांचे फोटो घ्यायची. एक फोटो दीड मिनिटाचा. तेवढ्या वेळात लघुग्रह सरकतो, म्हणून फोटोत ठिपका न येता सुकटीएवढी बारीक रेघ येते. आम्ही त्या रेघेचा मध्य मोजायचो. जागा मधली घेतली तर वेळही मधली लिहायला नको का? पण कॅमेरा सुरुवातीची वेळ छापायचा. त्यामुळे छापलेल्या वेळेत हातानं पंचेचाळीस सेकंद मिळवायचे, मग चिठ्ठीवर लिहायचं. सर हे एकतीस वर्षं करत होते. मी दोनदा विसरले होते, आणि दुसऱ्यांदा नेमकी चाळीस पोरांसमोर.

चिठ्ठीचा नियमही सरांचाच. एकच फोटो दोघांनी दोन खोल्यांत बसून मोजायचा. बोलायचं नाही, विचारायचं नाही. आकडे चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी मधल्या टेबलावर पालथी ठेवायची. दोन्ही आल्या की मगच उलटायच्या. जुळल्या तर तांबडी खूण, नाही जुळल्या तर दोघांनी पहिल्यापासून मोजायचं.

“एकाचं बघून दुसऱ्यानं लिहिलं तर ते एकच मोजमाप झालं,” सर म्हणायचे. “त्यापेक्षा घरी जा आणि झोपा.”

त्यांची मुलगी केतकी याच नियमात वाढली. लहानपणी गणितं सोडवायची तीही दोन चिठ्ठ्यांवर, एक तिची, एक तिच्या आईची. आई पुढं वारली. केतकी दगडधोंड्यांचा अभ्यास करता करता थेट चंद्रावर गेली. चार महिने ती आणि आणखी दोघं तिथल्या तळावर राहत होती. सरांना त्याचा केवढा अभिमान! पण बोलून दाखवतील तर ते सर कसले. भिंतीवर चंद्राचा नकाशा लावला होता, त्यात तळाच्या जागी एक टाचणी खोचली होती, बस्स.

कॉलेजच्या पोरांचा तो दिवस होऊन महिना झाला आणि नोव्हेंबरात तो लघुग्रह सापडला. घराएवढाच होता, पंधरा मीटर. आम्ही नव्हता शोधला, दुसऱ्या कुणी तरी. पहिल्या दिवशी म्हणाले, चंद्राजवळून जाईल. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चंद्रावर पडेलही. तिसऱ्या दिवशी दुपारी नियंत्रण केंद्रातल्या पाटणकर बाईंचा फोन आला.

“घोलपसर, आज रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी. पडणार हे नक्की. कुठं, ते अजून नक्की नाही. केतकीचा तळ त्या पट्ट्यातच येतोय.”

“पट्टा केवढा?”

“नऊशे किलोमीटर लांब. मला तुमचे संध्याकाळचे आकडे हवेत. तुमच्या पूर्वेला सगळीकडे ढग आहेत आणि पश्चिमेला ऊन. त्या वेळी काळोख आणि मोकळं आभाळ फक्त तुमच्याकडे आहे.”

“तळापासून किती लांब पडला तर चालेल?”

“दीडशे किलोमीटर. त्याच्या आत येणार असेल तर तिघांनी यानात बसून वर निघून यायचं. तयारीला तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणून मला आठच्या आत उत्तर पाहिजे. आठनंतर काही करता येणार नाही.” मग बाई थोड्या थांबल्या. “सर, तुम्ही मोजणार आहात? म्हणजे... मुलगी आहे तुमची.”

“मग कुणाला मोजायला लावता? पठारावर एक मी, एक तांडेल आणि तिसरी माकडं.”

“आधीच उडवा ना त्यांना! उगाच जिवाशी खेळ कशाला?” मी मागून ओरडले. बाईंना ऐकू गेलं.

“ते यान एकदाच उडतं, ओवी. निघाले की तळ बंद, चार महिन्यांचं काम तिथंच. आणि उड्डाणातही धोका आहेच की. उगाच नाही उडवता येत.”

सरांनी फोन ठेवला, मला म्हणाले, “काच पूस,” आणि घुमट उघडायला गेले. त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते. मी मात्र तीच काच तीनदा पुसली.

साडेसहाला केतकी बोलली. आवाज जायला-यायला अडीच सेकंद लागायचे, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर वाट बघावी लागायची.

“बाबा, आज तरी चष्मा घालून मोजा.”

“घालतो. तिकडं कसं आहे?”

“काळोख आहे. पेट्या भरून ठेवल्यात, यानही तपासून ठेवलंय. पण खरं सांगू, मला नाही यायचं. काल एक दगड मिळालाय, तुम्हाला दाखवायचाय. ओवी आहे का तिथं?”

“आहे मी.”

“बाबांना जेवायला घाल गं. असं काही असलं की ते उपाशी राहतात.”

“तू तुझं बघ, भवाने. तुझ्या बापाची काळजी मी घेते.”

अडीच सेकंदांनी तिचं हसू ऐकू आलं. मग म्हणाली, “बाबा, काय निघेल ते सांगा. तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या जुळल्या की मला पुरे. बाकी कुणाचं मला ऐकायचं नाही.”

सातला पुरेसा काळोख पडला. पश्चिमेला पंचमीची कोर होती, तिचा उजेड फोटोत सांडत होता, पहिले सहा फोटो वाया गेले. सातवा फोटो बरा आला, आठवा उत्तम. त्यात ती रेघ होती, बारीक आणि सरळ. सव्वासात वाजले होते.

“आठवा,” सर म्हणाले. “चल, आपापल्या खोलीत.”

त्या संध्याकाळी मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीचं नंतर सांगते. दुसरी मी टेबलावर पालथी ठेवली. सरांची आधीच तिथं होती. पाटणकर बाईंचा फोन आला म्हणून ते बाहेर व्हरांड्यात गेले होते, तिथून आत आले, चष्मा पुसला आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटल्या. जागेचे दोन आकडे जुळले. वेळ जुळली, सेकंदाला सेकंद.

“या वेळी पाऊण मिनिट विसरली नाहीस,” सर म्हणाले.

“नाही सर.”

दोन्ही चिठ्ठ्यांवर त्यांनी तांबडी खूण केली. बाईंना आकडे सांगितले. बाईंच्या संगणकाला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं सर नकाशाकडे पाठ करून उभे होते.

“सव्वासहाशे किलोमीटर,” बाई म्हणाल्या. “तळाच्या दक्षिणेला. सर, सव्वासहाशे! थांबायला सांगते त्यांना.”

“केतकीला जोडून द्या एकदा.”

जोडून दिलं. सर म्हणाले, “थांब तिथंच. लांब पडतोय.”

अडीच सेकंद.

“चिठ्ठ्या जुळल्या?”

“जुळल्या.”

“मग झालं,” केतकी म्हणाली. “जेवून घ्या बाबा.”

घड्याळात सात चाळीस झाले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन पिठलं गरम केलं. कढईतलं पिठलं खाली लागेपर्यंत ढवळत राहिले. सर जेवायला बसले तेव्हा आठ वाजून गेले होते. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी, वर कांदा फोडून घेतला. मला म्हणाले, “तू का खात नाहीस? चेहरा बघ कसा झालाय. अगं, संपलं आता.”

नऊला आम्ही गच्चीवर गेलो. तिथं एक लहान दुर्बीण असायची, पाहुण्यांना चंद्र दाखवायला. नकाशावर सव्वासहाशे किलोमीटर खाली सरांनी तांबडी फुली काढली होती. “एक चमक दिसेल,” ते म्हणाले. “काळ्या भागात, फुलीच्या जागी. लोक जन्मभर वाट बघतात अशा गोष्टीची. आधी मी बघतो, मग तू.” चमक एकदाच होणार होती, मग माझी पाळी कशी येणार होती कोण जाणे. माणूस खुशीत असला की असं काहीही बोलतो.

ते वाकून डोळा लावून उभे राहिले. मी नुसत्या डोळ्यांनी कोरीकडे बघत होते. नऊ बाराला कोरीच्या वरच्या काळोखात पांढरा ठिपका उमटला आणि विझला. मला जागा कळली नाही, इतक्या लांबून कळणार कशी? सर हलले नाहीत. डोळा तसाच लावलेला.

“सर, दिसला?”

त्यांनी एका हातानं दुर्बिणीचं चाक पुन्हा फिरवलं.

“सर?”

“वर झाला,” ते म्हणाले. “फुलीवर नाही झाला. वर झाला गं.”

“किती वर?”

त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. पण लक्ष माझ्याकडे नव्हतंच. “टाचणीच्या जागी,” म्हणाले आणि गच्चीवर खालीच बसले. मी खाली धावले. फोन वाजतच होता. पाटणकर बाई नुसतं “ओवी, ओवी” म्हणत होत्या. तळाचा आवाज बंद झाला होता. तो पुन्हा आला नाही, कधीच आला नाही.

चूक दोन दिवसांत सापडली. अकरा दिवसांपूर्वी आमच्या दुर्बिणीला नवा कॅमेरा बसवला होता, आणि मधले दिवस ढगात गेल्यानं त्यावर मोजायची ती पहिलीच वेळ होती. तो सुरुवातीची नव्हे, थेट मधली वेळ छापायचा. पाऊण मिनिट त्यानं आधीच मिळवलेलं असायचं. सरांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं ते पुन्हा मिळवलं. तो लघुग्रह सेकंदाला चौदा किलोमीटर पळत होता. पंचेचाळीस सेकंदांत सव्वासहाशे.

चौकशीत विचारलं, नव्या कॅमेऱ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? सर म्हणाले, “इंजिनिअर आला तेव्हा मी गावाला गेलो होतो. परत आल्यावर तांडेलनं सांगितलं होतं. मी ‘हं’ म्हणालो होतो.” मग मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्हीही मिळवले? मी म्हणाले, सवयीनं. अहवालात लिहिलं गेलं की दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजलं आणि दोघांचे आकडे तंतोतंत जुळले, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. सरांनी नोकरी सोडली आणि राजूरच्या घरी जाऊन राहिले. माझी नोकरी राहिली.

मी वर्षातून दोनदा राजूरला जायचे. सुकट घेऊन जायचे, त्यांना आवडायची. ते चंद्राचा विषय काढायचे नाहीत, पण मी निघाले की दारापर्यंत येऊन दर वेळी एकच बोलायचे.

“मनाला लावून घेऊ नकोस, तांडेल. मी एकटा चुकलो असतो तर वेगळं. पण दोघंही तीच चूक करून बसलो. आपल्यातल्या एकानं जरी बरोबर लिहिलं असतं ना, तर चिठ्ठ्या जुळल्या नसत्या. आपण थांबलो असतो, पुन्हा मोजलं असतं. पोरगी निघून आली असती. नशीब म्हणायचं, दुसरं काय.”

नऊ वर्षं मी हे ऐकलं, वर्षातून दोनदा. मी “हो सर” म्हणायचे आणि बस पकडायचे. घरी आल्यावर दोन-दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही.

दहाव्या वर्षी सरांना बरं नव्हतं. पाटणकर बाईंनी कळवलं म्हणून गेले. दिवेलागणीची वेळ होती. ते खाटेवर बसले होते, हातात भिंग, मांडीवर पेपर. मला बघून म्हणाले, “सुकट आणलीस?”

“आणली.” मी खाली बसले. “सर, मला एक सांगायचंय. मी त्या दिवशी दोन चिठ्ठ्या लिहिल्या.”

त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“पहिली मी बरोबर लिहिली होती. नव्या कॅमेऱ्याचं माझ्या लक्षात होतं. काहीच मिळवलं नव्हतं. ती घेऊन टेबलाकडे आले, तर तुम्ही बाहेर फोनवर होतात. तुमची चिठ्ठी पालथी पडली होती. मी... मी तिचा कोपरा उचलला.”

सरांनी भिंगही खाली ठेवलं.

“तुमची वेळ माझ्याहून पंचेचाळीस सेकंद पुढं होती. मला वाटलं, मेलं, मी परत चुकले! तुम्ही कसे चुकाल? इंजिनिअरनं ते मधल्या वेळेचं चालूच केलं नसेल, तुम्हाला नीट माहीत असेल, असं काय काय डोक्यात आलं. तुम्हाला विचारायचं तर बघितल्याचं कबूल करावं लागलं असतं. आणि ती फुली... ती चाळीस पोरं... मी परत खोलीत जाऊन दुसरी चिठ्ठी लिहिली. तुमच्यासारखी.”

“आणि नंतर?” सरांचा आवाज अगदी साधा होता, परीक्षेत विचारतात तसा. “आठ वाजेपर्यंत वेळ होता.”

“नंतर मी पिठलं ढवळत होते. इंजिनिअरचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. पाच वेळा दारापर्यंत आले, सर. तुम्ही इतके खुशीत होतात. मला जीभच उचलेना.” मला रडू फुटलं होतं, पण मी थांबले नाही. “तुम्ही दर वेळी म्हणता ना, दोघंही चुकलो म्हणून. मी नव्हते चुकले. मला हे आणखी ऐकवत नाही.”

बाहेर कुणी तरी गाईला हाकलत होतं. मग त्यांनी हात पुढं केला.

“आहे का ती?”

होती. दहा वर्षं पाकिटात ठेवली होती, घडीवर विरली होती. मी दिली. त्यांनी ती पेपरावर सपाट केली, भिंग धरून वाचली, एकेक आकडा ओठांत म्हणून. पेपराच्या कडेला काही तरी हिशेब मांडला, शेवटपर्यंत मांडला.

“चार किलोमीटर,” ते म्हणाले. “तळापासून चार. बरोबर आहे तुझं.”

उशीखाली चाचपून त्यांनी तांबडी पेन्सिल काढली. माझ्या चिठ्ठीवर खूण केली, खाली सही केली, दहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची तारीख घातली. मग चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

“ही टेबलावर ठेवायची असते, तांडेल,” सर म्हणाले. “जा आता.”